दिल्लीचा फोन

"महाजन, गेल्या मंगळवारी सकाळी बोर्डावर कोण होतं?"

पाठारे साहेबांनी हे विचारलं तेव्हा ते माझ्याकडे बघत नव्हते. चहावर धरलेली साय चमच्याच्या टोकानं बाजूला सारण्यात गुंतले होते. चहा श्रीपतशेठ कोठावद्यांच्या घरून आला होता, पितळी किटलीतून. शेठचा गडी ती किटली टेलिफोन एक्स्चेंजच्या टेबलावर ठेवून गेला होता आणि जाताना माझ्याकडे बघून उगाचच हसला होता.

"मी होते, साहेब."

"आणि त्याच्या आदल्या मंगळवारी?"

"प्रमिलाताई."

"म्हणजे दिवसा तुम्ही दोघीच. तिसरं कुणी बोर्डाला हात लावत नाही."

"नाही लावत."

"मग भाव फुटतो तो तुमच्या दोघींपैकी एकीकडून. हिशेब सरळ आहे." आता कुठं त्यांनी मान वर केली. "तुमचे मामा मिरची पिकवतात म्हणे?"

आनंदामामांची मिरची सगळ्या धामखेड्याला माहीत होती. ते काही गुपित नव्हतं. पण नाशिकहून काल आलेल्या माणसाला ते आजच माहीत व्हावं, आणि त्यानं ते असं चहाच्या कपाआडून विचारावं, याचा अर्थ मला कळत होता. साहेब उतरलेही होते शेठच्या नव्या बंगल्यात. डाक बंगल्याचं छप्पर गळतंय, असं कारण होतं.

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. धामखेडे म्हणजे खानदेशातलं मिरचीच्या बाजाराचं गाव. दिवाळीनंतर गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडली की लांबून जमीन पेटल्यासारखी दिसायची. वारा गावाकडे फिरला की बोर्डावर बसल्या बसल्या आम्हाला ठसका लागायचा आणि मुंबईचा ऑपरेटर पलीकडून विचारायचा, "धामखेडे, तब्येत बरी नाही का?"

गावात फोन मोजकेच. ज्याला बोलायचं असेल त्यानं आपल्या फोनचा दांडा गरगर फिरवायचा, की आमच्या बोर्डावर त्याच्या नंबराची झडप खट्कन पडायची. आम्ही कॉर्ड लावायची, विचारायचं, "कुठला नंबर?" बाहेरगावी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करायचा आणि वाट बघत बसायचं. ट्रंकची तार धुळ्याकडे जायची, तिथून पुढं नाशिक, मुंबई, दिल्ली. त्या एका तारेवर गावाचा सगळा व्यापार लोंबकळत होता. दिल्लीत मिरची चढली की उतरली हे कळायला दुसरी वाटच नव्हती. पेपर यायचा तो संध्याकाळच्या एसटीनं, शिळा होऊन.

आणि मिरची तर थांबत नाही. शेतकरी आणतो ती ओली लाल मिरची; गाडीत दोन दिवस राहिली तर सडते. ती त्याच दिवशी विकायची. ज्याच्याकडे फोन, त्याच्याकडे भाव. आणि गावात मिरचीचा फोन म्हणजे श्रीपतशेठ.

त्यांनीच वर तक्रार केली होती. दिल्लीचा भाव आपल्या कानावर पडायच्या आधी बाजारात फुटतो, एक्स्चेंजमधल्या बाया फोडतात, असा तिचा मजकूर होता. त्या चौकशीला पाठारे साहेब आले होते.

"मी नोकरीला लागताना गुप्ततेची शपथ घेतलीय, साहेब," मी म्हणाले. "लाइनवर ऐकलेला एक शब्द मी आईलासुद्धा सांगत नाही."

"शपथ सगळेच घेतात," साहेब म्हणाले. "चौकशी पुरी होईपर्यंत तुम्ही बोर्डावर बसू नका. घरी थांबा. बोलावलं की या."

मी बाहेर आले तेव्हा प्रमिलाताई दारातच उभ्या होत्या. माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठ्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, आवाज असा की मुंबईचे ऑपरेटर त्यांना ‘धामखेड्याच्या मालकीणबाई’ म्हणायचे. मला बोर्ड त्यांनीच शिकवला होता. एरवी मी उतरलेल्या तोंडानं दिसले असते तर त्यांनी हात धरून बसवलं असतं. त्या दिवशी त्यांनी नुसतं विचारलं,

"काय सांगितलंस?"

"काही नाही. तुम्ही काय सांगितलंत?"

"मी तरी काय सांगणार?"

आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. जवळच्या माणसाबद्दल मनात पाल चुकचुकली की त्याचा चेहरासुद्धा निराळा दिसायला लागतो. मला एकदम आठवलं, शनिवारी भरदुपारी प्रमिलाताईंना कोठावद्यांच्या पेढीच्या बाजूच्या बोळातून बाहेर पडताना मी पाहिलं होतं. पदर घट्ट लपेटून, खाली मान घालून. मी हाक मारली तर ऐकू न आल्यासारखं करून गेल्या. शेठच्या पेढीत त्यांचं काय काम होतं? त्यांच्याकडे ना शेती, ना व्यापार.

मी ते विचारलं नाही. त्यांनीही मला काही विचारलं नाही. घरी येताना माझ्या लक्षात आलं की मामांच्या मिरचीचं साहेबांना कुणी तरी सांगितलंय. आणि ते ज्या थोड्या लोकांना सुचलं असतं, त्यात प्रमिलाताई होत्या.

घरात बसणं मला जमेना. आई दर घटकेला विचारायची, "रजा घेतलीस का गं?" तिला काय सांगणार? गावात कुजबुज सुरू झालीच होती. पिठाच्या गिरणीत माझा नंबर आला तेव्हा पुढच्या बाईनं डबा उचलला आणि दुसऱ्या बाईला म्हणाली, "हळू बोल बाई, इथं कान आहेत." गिरणीच्या आवाजातही मला ते स्पष्ट ऐकू आलं. दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं कानात घेऊन एक शब्द बाहेर न सांडणारी मी, आणि गावाला वाटत होतं की मी भोंगा आहे.

या सगळ्यात एक गोष्ट मला मधूनच टोचत होती. श्रीपतशेठांची लाइन. दर मंगळवारी बाजार सुरू व्हायच्या वेळेला त्यांचा फोन मेल्यासारखा व्हायचा. मुंबईचा कुणी व्यापारी त्यांना मागायचा, मी कॉर्ड लावून घंटी द्यायची, आणि पलीकडे काही नाही. पेढी उघडी, माणसांची गर्दी, आणि उत्तर नाही. तासाभरानं लाइन आपोआप जिवंत. मी दोनदा लाइनमनला पाठवलं. तो खांबावर चढून उतरून सांगायचा, "तार ठणठणीत आहे, ताई." बुधवार ते सोमवार कधी काही तक्रार नाही. बिघाडाला वार कळतो का? पण तेव्हा मी ते कुणाशी बोलले नाही. आता बोलून काय उपयोग? साहेब म्हणाले असते, स्वतःवरचं बालंट झटकायला शेठवर ढकलतेय.

पुढच्या मंगळवारी सकाळी आनंदामामा बैलगाडी घेऊन दारात आले. गाडीत मिरची रचलेली, वर ओलं पोतं.

"चाल, शैला," ते म्हणाले. "घरात बसून तोंड काबरं लपवतेस? लोकांले तेच पाहिजे. बाजारात माझ्या संगती चाल, सगळ्यांच्या डोळ्यादेखत."

"मामा, मी तुमच्याबरोबर दिसले तर आणखी बोलतील."

"बोलू दे ना. बोलून बोलून थकतीन."

मी गाडीत बसले. वाटेत एक्स्चेंज लागलं. प्रमिलाताई पायरीवर उभ्या होत्या, केस विस्कटलेले, हेडफोन गळ्यात. मला बघून त्या जरा घुटमळल्या. मग पुढं आल्या.

"ट्रंक पहाटेपासून गेलीय," त्या म्हणाल्या. "नदीपलीकडे तांब्याची तार कुणी तरी कापून नेली. धुळं नाही, नाशिक नाही, काही नाही. साहेब आत तणतणताहेत, त्यांना नाशिकला बोलायचंय. संध्याकाळपर्यंत काही व्हायचं नाही."

सवयीनं सांगितलं त्यांनी ते, एका ऑपरेटरनं दुसरीला सांगावं तसं. मग बहुधा आपण एकमेकींशी बोलत नाही हे त्यांना आठवलं. त्या वळून आत गेल्या.

कोठावद्यांची पेढी बाजाराच्या तोंडाशी होती. पुढं ओटा, आत लांबलचक बैठक, गाद्या, आणि मधोमध चौरंगावर, देव बसवावा तसा, काळा फोन. मंगळवारी सौदे आधी तिथं व्हायचे; त्या वेळी मी बोर्डावर किंवा घरी, त्यामुळे ते कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते. शेठ जो भाव बोलतील तो त्या दिवसाचा. बाकीचे व्यापारी त्याच्या आसपास फिरायचे. बैठकीत दहा-बारा शेतकरी आधीच टेकले होते. शेठ पांढऱ्या स्वच्छ धोतरात, हातात सुपारीचा अडकित्ता. मला बघून त्यांचा हात क्षणभर थांबला.

"या आनंदा पाटील, बसा. आणि या बाई कोण? एक्स्चेंजवाल्या ना?" शेठ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आज सुट्टी का, बाई?"

दोघं-तिघं हसले. मी मामांच्या मागे भिंतीला टेकून बसले.

"भाव सांगा, शेठ," एक म्हातारा म्हणाला. "ऊन चढतंय. मिरची पाणी सोडते."

"अहो, मी कोण भाव सांगणारा? दिल्ली सांगते, मी तुम्हाला सांगतो. गेल्या बाजाराइतका मिळावा अशी माझीही इच्छा आहे. फोन येऊ द्या."

एवढं बोलणं होतंय तोच चौरंगावरचा फोन खणाणला.

बैठकीतली कुजबुज थांबली. शेठनी अडकित्ता ठेवला, धोतराचा सोगा सावरला, रिसीव्हर उचलला.

"हॅलो! हां, दिल्ली? बोला लालाजी. हां, श्रीपत बोलतोय… काय? जरा मोठ्यानं बोला… किती खाली? काय सांगता!"

आधी मला वाटलं, तार जोडली असेल. इतक्या लवकर? नदीपलीकडे जायलाच लाइनमनला दुपार होते. मग वाटलं, प्रमिलाताई खोटं बोलल्या असतील. पण साहेब आत तणतणत असताना? धामखेड्यातून त्या घटकेला कुणाचाही आवाज धुळ्यापर्यंतसुद्धा जात नव्हता, आणि हा माणूस माझ्यासमोर बसून दिल्लीशी बोलत होता. कपाळाला हात लावत होता. "आमचे शेतकरी मरतील हो, लालाजी," असं म्हणत होता. त्याच्या डोळ्यांत, खरं सांगते, पाणी होतं.

समोरच्या माणसांचे चेहरे उतरत चालले होते. मामांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. म्हातारा म्हणाला, "मेलो." कुणी तरी पुटपुटलं, "पण देऊन टाकावी लागेल. परत कुठं न्यायची?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. लाइन बंद आहे हे मला कळलं होतं ते एक्स्चेंजच्या दारात, एक्स्चेंजच्या माणसाकडून. आणि माझ्यावर आरोपच तो होता, की एक्स्चेंजच्या आतलं बाजारात आणून फोडते. मी इथं उभी राहून ओरडले असते, "हा फोन खोटा आहे," तर शेठ एवढंच म्हणाले असते, "बघा, मी काय सांगत होतो!"

"मामा," मी त्यांच्या कानाशी म्हणाले, "मी येईपर्यंत होय म्हणू नका. काहीही झालं तरी."

"कुठी चालली?"

मी उठले. ओट्यावरून उतरले आणि पळत सुटले. बाजाराच्या गर्दीतून, भर सकाळी, पंचविशीची बाई पळतेय. लोक थांबून बघत होते. एक्स्चेंजच्या पायऱ्या चढले तेव्हा श्वास छातीत मावत नव्हता.

साहेब खुर्चीत बसले होते. टेबलावर तीच पितळी किटली. ती बघितली आणि मी दारातच अडखळले. हा माणूस शेठच्या घरी झोपतो, शेठचा चहा पितो. मी कुणाकडे आले होते? याला सांगितलं आणि यानं गड्याकरवी पेढीवर निरोप धाडला, तर सगळंच संपलं.

"तुम्हाला घरी थांबायला सांगितलं होतं," साहेब म्हणाले.

प्रमिलाताई बोर्डावरून वळून बघत होत्या.

"साहेब," मी म्हणाले, "श्रीपतशेठांना दिल्लीचा फोन आलाय."

"कधी?"

"आत्ता. बोलताहेत अजून."

साहेबांची नजर माझ्यावरून बोर्डाकडे गेली. ट्रंकच्या जागेवर प्रमिलाताईंनी लाल चिठ्ठी खोचून ठेवली होती.

"बाई, लाइन आली का?" त्यांनी विचारलं.

"नाही साहेब. मेलेलीच आहे," प्रमिलाताई म्हणाल्या.

साहेबांनी कप बशीत ठेवला, टेबलाखालचे बूट ओढून पायात घातले, नाड्या बांधल्या. शांतपणे, एक एक. मला वाटलं, ते उशीर करताहेत.

"चला," ते म्हणाले.

पेढीत अजून तेच चाललं होतं; कुणी होय म्हणेना म्हणून शेठनी बोलणं लांबवलं असावं. शेठ रिसीव्हर कानाला लावून मान हलवत होते. साहेबांना दारात बघून ते क्षणभर गोंधळले, पण फोन हातात होता, बोलणं थांबवता येत नव्हतं. त्यांनी डोळ्यांनीच साहेबांना बसायची खूण केली. "दिल्ली आहे," रिसीव्हरवर हात ठेवून ते म्हणाले.

"अरे वा," साहेब म्हणाले. ते बसले नाहीत. "तुमचं झालं की मला द्या. मलाही एक निरोप सांगायचाय. सकाळपासून मला एक्स्चेंजमध्ये बसून नाशिक लागत नाही. तुम्हाला घरबसल्या दिल्ली लागली. नशीबवान आहात."

आवाजात राग नव्हता, की टोमणाही नव्हता. म्हणून बैठकीतल्या कुणाला पटकन काही कळलं नाही. शेठना मात्र कळलं. त्यांच्या हातातला रिसीव्हर किंचित खाली आला.

"द्या ना," साहेब हात पुढं करून म्हणाले.

"साहेब, तो आता… लाइन कट झाली बहुतेक."

"बघू."

साहेबांनी रिसीव्हर घेतला, कानाला लावला. "हॅलो? दिल्ली?" ते थांबले. मग त्यांनी तो कानावरून काढला आणि सगळ्यात जवळ बसलेल्या माणसापुढं धरला. ते माझे मामा होते.

"घ्या. तुम्ही बोला," साहेब म्हणाले. "भाव तुमच्या मिरचीचा आहे."

मामांनी जन्मात फोन धरला नव्हता. त्यांनी दोन्ही हातांनी तो घेतला, आधी उलटा धरला, मी सरळ करून दिला. ते ऐकत राहिले.

"ह्यात तं कोणीच नाही," मामा म्हणाले.

"तेच म्हणतोय, कट झाली!" शेठ उसळून म्हणाले. "आत्ता बोलत होतो मी! एक्स्चेंजच्या बायांनी तोडली असेल, साहेब, हेच तर…"

साहेबांनी मामांच्या हातातून रिसीव्हर घेऊन जागेवर ठेवला. आणि तो ठेवला न ठेवला तोच फोन पुन्हा खणाणला.

नंतर आम्हाला कळलं की दर मंगळवारी दिल्लीनंतर मुंबईचा फोन यायचा. दोन शहरांनी एकच भाव सांगितला की कुणाच्या मनात शंका उरत नसे. मागच्या खोलीत बसलेल्या माणसाला पुढं काय चाललंय ते दिसत नव्हतं. रिसीव्हर ठेवल्याचा आवाज ऐकून त्यानं नेहमीप्रमाणे आपलं काम केलं होतं.

साहेबांनी वाजणारा फोन उचलला नाही. चौरंगामागून निघालेली वायर त्यांनी नजरेनं धरली आणि भिंतीच्या कडेकडेनं चालत गेले. पडद्यामागच्या दारातून आत. आम्ही सगळे उठून मागोमाग गेलो. शेठसुद्धा आले, कारण बैठकीत एकट्यानं बसून राहणं आणखी वाईट दिसलं असतं. मिरचीच्या पोत्यांच्या थप्पीआड एका स्टुलावर शेठचे म्हातारे मुनीमजी बसले होते. पुढ्यात दुसरा फोन. हात अजून दांड्यावर. शेजारी भिंतीवर विजेच्या बटणासारखा एक खटका होता. तो खाली ओढला की बाहेरची तार तुटायची, आणि मग मागच्या फोनचा दांडा फिरवला की पुढच्या फोनची घंटी वाजायची. तेवढा वेळ आमच्या बोर्डाच्या लेखी तो फोन मेलेला.

मुनीमजींनी वर बघितलं. एवढी माणसं बघून ते हळूच उठून उभे राहिले आणि का कोण जाणे, त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला.

कुणी शेठच्या अंगावर धावून गेलं नाही. आरडाओरडाही झाला नाही. म्हातारा शेतकरी एवढंच म्हणाला, "किती वर्षं, शेठ?" आणि उत्तराची वाट न बघता बाहेर पडला. एकेक करत बाकीचे निघाले. गाड्या वळल्या. त्या दिवशी मिरची बाजारसमितीच्या आवारात नेऊन उघड्यावर लिलाव झाला. भाव कुणालाच ठाऊक नव्हता, व्यापाऱ्यांनाही नाही. सगळे सारखेच आंधळे. मामा म्हणाले, एवढी मजा बाजारात कधी आली नव्हती.

संध्याकाळी साहेबांनी मला एक्स्चेंजमध्ये बोलावलं. बॅग भरून ठेवली होती. शेठच्या बंगल्यावरून त्यांनी ती दुपारीच आणवली होती.

"मी तिथं का उतरलो, असं तुमच्या मनात आलं असेल," ते म्हणाले. "तक्रार करणारा माणूस घरात कसा बोलतो ते मला ऐकायचं होतं. जेवताना ते रोज तुमचं नाव घ्यायचे. तुमचे मामा, तुमची मिरची. पण कुठला भाव फुटला, कुणाला कळला, एवढं विचारलं की विषय बदलायचे." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही तिथंच का नाही सांगितलंत? पळत माझ्याकडे का आलात?"

"शपथ आहे, साहेब."

"कसली शपथ? जो फोन आलाच नाही, त्याची गुप्तता कशी पाळणार?"

"फोनचं नाही. लाइन बंद आहे हे एक्स्चेंजच्या आतलं. ते बाहेर सांगावं की नाही, मला कळेना."

"लाइन चालू की बंद हे गुपित कधीपासून झालं?" ते म्हणाले, पण मला नाही, स्वतःलाच विचारल्यासारखे.

ते गेल्यावर प्रमिलाताईंनी मला बोर्डाशेजारी बसवलं.

"शनिवारी मला बोळात पाहिलंस ना तू?"

"हो."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुम्ही सांगाल असं वाटलं."

"आणि मला वाटलं, मी तिथं दिसल्याचं तू कुणाला तरी सांगतेयस." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "अगं, त्याच्या आधीच्या आठवड्यातच मी शेठना फोनवर विचारून बसले होते. म्हटलं, शेठ, तुमचा फोन फक्त मंगळवारीच कसा मरतो? हसत विचारलं होतं. आणि तक्रार गेल्याचं कळलं ते शुक्रवारी. तेव्हा शनिवारी गेले त्यांच्याकडे, म्हटलं, असं का केलंत? तर म्हणाले, बाई, बदली होऊन जा कुठं तरी, तुमचं भलं होईल. मी घाबरले. तुला सांगितलं असतं तर तूही अडकली असतीस. आणि खरं सांगू? मामांची मिरची आठवून माझ्याही मनात येऊन गेलं, की ही पोरगीच असेल की काय."

"भाव फुटतच नव्हता, ताई."

"फुटायला होता कुठं? खरा फोन सोमवारी संध्याकाळीच यायचा. त्यावर काय बोलणं व्हायचं ते मी ऐकलंय, आणि ते मी मरेपर्यंत सांगणार नाही. पण मंगळवारचं नाटक कुणी लिहिलं होतं ते आता सगळ्या गावाला कळलंय."

शेठना फार काही झालं नाही. परवानगी नसताना जादा फोन बसवला, एवढाच गुन्हा कागदावर बसत होता. मेलेल्या फोनमध्ये खोटं बोलू नये असं कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नव्हतं. त्यांचं कनेक्शन कापलं गेलं. प्रमिलाताईंची बदली मात्र तरीही झाली. एकदा सुरू झालेली फाइल कुणाला तरी हलवल्याशिवाय मिटत नाही. जाताना त्या मला म्हणाल्या, "मालकीणबाई आता तू," आणि एसटीत बसून खिडकीकडे पाठ फिरवली.

साहेबांचा एक हुकूम तेवढा पोस्टानं आला. एक्स्चेंजच्या दर्शनी भिंतीवर काळी पाटी लावावी, आणि ट्रंक लाइन चालू आहे की बंद, ते तिच्यावर रोज सकाळी लिहावं. मी सुताराकडून पाटी करून घेतली. सकाळी आल्या आल्या धुळ्याला घंटी देऊन बघायचं आणि खडूनं लिहायचं.

पहिले काही दिवस कुणी बघितलंही नाही. मग मंगळवारी बाजाराला जाणाऱ्या गाड्या एक्स्चेंजसमोर हळू व्हायला लागल्या. ज्याला वाचता येत नव्हतं तो शेजारच्या गाडीवाल्याला विचारायचा. ‘बंद’ लिहिलेलं असलं की लिलाव घाईनं होत नसे; व्यापारीही म्हणायचे, थांबू या, तार येऊ द्या. ‘चालू’ असलं की दोन-चार शेतकरी पैसे काढून एक्स्चेंजच्या बाहेरच्या बूथवरून स्वतःच दिल्ली लावायचे. आधी काय बोलावं ते त्यांना कळायचं नाही. "मिरची कशी हाय?" असं ओरडून विचारायचे, दिल्लीवाल्याला मराठी येतं की नाही याचा विचार न करता.

थंडी संपत आली असताना एका मंगळवारी मी पाटी लिहून खडूचे हात झटकत होते. मागं कुणी तरी उभं असल्याचं जाणवलं. वळून बघितलं तर श्रीपतशेठ. धोतर तेवढंच स्वच्छ. एकटेच होते. ते पाटीकडे बघत होते, एका शब्दाला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ.

"बाई," ते म्हणाले, "एक विचारू? ‘चालू’ लिहिलंय तुम्ही. ते खरं कशावरून?"

मला हसू यायला हवं होतं. पण बूथच्या रांगेतल्या माणसांनी ते ऐकलं होतं. ती सगळी आता पाटीकडे नाही, माझ्याकडे बघत होती. आणि त्यांच्या नजरेत नेमका तोच अविश्वास होता जो त्या दिवशी पेढीच्या मागच्या खोलीत, मुनीमजींकडे बघताना होता.

"खिडकीवर कॉल बुक करा, शेठ," मी म्हणाले, "आणि स्वतः लावून बघा. तुमच्या पुढं तिघं आहेत."

शेठनी रांगेकडे बघितलं, पुन्हा एकदा पाटीकडे बघितलं. मग धोतराचा सोगा सावरत ते चौथ्या नंबरावर जाऊन उभे राहिले.